मार्क्सबुर्ग : न पडलेला, पण न बदललेला नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील किल्ल्यांवर प्रसिद्ध झालेला सचित्र लेख वाचला. परदेशातील वास्तूंविषयी लिहिताना बोटीची फेरी आणि द्राक्षमळे यांच्यापलीकडे जाण्याचा प्रयत्न क्वचितच होतो. तो या लेखात झाला, याबद्दल लेखकाचे आभार मानले पाहिजेत. तथापि ब्राउबाख गावाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या मार्क्सबुर्ग किल्ल्यासंबंधी त्यात तीन विधाने अशी आहेत, की ती तशीच राहू देणे योग्य वाटत नाही. पहिले, हा ऱ्हाइनवरील एकमेव अभंग किल्ला आहे. दुसरे, तो ‘मध्ययुगापासून जसाच्या तसा’ उभा आहे. आणि तिसरे, छायाचित्राखालील ओळीत म्हटल्याप्रमाणे, तो ‘परीकथेतील राजवाडा’ आहे. यांपैकी पहिले विधान अर्धे बरोबर आहे, दुसरे चुकीचे आहे आणि तिसऱ्यामुळे किल्ला मुळात कशासाठी बांधला गेला, हेच वाचकाच्या नजरेआड होते.

पहिल्या विधानापासून सुरुवात करतो. बिंगेन आणि कोब्लेंत्स यांच्या दरम्यानचा सुमारे ६५ किलोमीटरचा नदीपट्टा, ज्याला २००२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात लहानमोठे सुमारे चाळीस किल्ले आणि किल्ल्यांचे अवशेष आहेत. त्यांत टेकडीवर बांधलेल्या किल्ल्यांपैकी कधीही उद्ध्वस्त न झालेला किल्ला म्हणून मार्क्सबुर्गचे नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. पण ‘टेकडीवरचा’ ही अट गाळून चालत नाही. काउब गावासमोर, नदीच्या पात्रातील एका लहानशा खडकाळ बेटावर प्फाल्त्सग्राफेनश्टाइन नावाचा जलदुर्ग आहे, आणि तोही कधी पडलेला नाही. बव्हेरियाचा लुडविग याने १३२६-२७ च्या सुमारास तेथे आधी पाच कोनांचा एक मनोरा उभारला आणि पुढच्या दशकाच्या अखेरीस त्याभोवती सहा कोनांचा तट घातला. प्रवाहाच्या वरच्या अंगाला त्या तटाचे टोक निमुळते ठेवलेले आहे, म्हणजे हिवाळ्यात वाहून येणारे बर्फाचे तुकडे त्यावर आपटून दुभंगतात आणि बाजूने निघून जातात. १८१३ च्या अखेरच्या रात्री प्रशियाचा सेनापती ब्ल्युशर याने नेपोलियनच्या सैन्याचा पाठलाग करताना याच ठिकाणी ऱ्हाइन ओलांडण्यास सुरुवात केली, तेव्हाही हा जलदुर्ग आपल्या जागी शाबूत होता.

मग बाकीच्यांचे काय झाले? लेखात त्याविषयी फारसे काही नाही, पण मार्क्सबुर्गचे वेगळेपण कळण्यासाठी ते सांगणे आवश्यक आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने पॅलाटिनेट या ऱ्हाइनकाठच्या जर्मन संस्थानाच्या वारसाहक्कासाठी पुकारलेल्या युद्धात, विशेषतः १६८९ मध्ये, फ्रेंच सैन्याने ऱ्हाइनकाठचे किल्ले एकामागून एक जाळले आणि सुरुंगांनी उडवले. श्टोल्त्सेनफेल्स, श्टालेक, श्योनबुर्ग हे सगळे त्या लाटेत गेले. सांक्ट गोआर येथील प्रचंड ऱ्हाइनफेल्स मात्र १६९२ मध्ये आपल्याहून कितीतरी पट मोठ्या फ्रेंच फौजेपुढे टिकला. पण शंभर वर्षांनी, १७९० च्या दशकात, फ्रेंच क्रांतीच्या सैन्याच्या हाती लागला आणि सुरुंगाने उडवला गेला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोटीतून जाणाऱ्या प्रवाशाला दोन्ही काठांवर बहुतांशी पडक्या भिंती, छप्पर उडालेली दालने आणि वेलींनी वेढलेले मनोरे दिसत होते. त्या काळच्या कवींना आणि चित्रकारांना या पडझडीचीच भुरळ पडली.

आज पर्यटकाला जे कंगोरेदार, नीटनेटके, पिवळसर किंवा करड्या रंगाचे किल्ले नदीवरून दिसतात, त्यांतील बरेचसे या भुरळीतून जन्माला आलेले आहेत. प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक याने १८२३ मध्ये ऱ्हाइनश्टाइनचे अवशेष विकत घेतले आणि १८२५ ते १८२९ या काळात तेथे आपले निवासस्थान उभे केले. त्याच १८२३ साली कोब्लेंत्स शहराने श्टोल्त्सेनफेल्सचे अवशेष प्रशियाच्या युवराजाला, म्हणजे पुढच्या चौथ्या फ्रेडरिक विल्यमला, भेट दिले. कार्ल फ्रीडरिख शिंकेल या नामवंत वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून ती वास्तू नव्याने बांधली गेली आणि १८४२ मध्ये तिचे उद्घाटन झाले. या इमारती वाईट आहेत असे मुळीच नाही. शिंकेलचे काम एकोणिसाव्या शतकातील वास्तुकला म्हणून अव्वल दर्जाचे आहे. फक्त ते तेराव्या शतकातील काम म्हणून छापले जाऊ नये, इतकेच म्हणणे आहे. परीकथेतील राजवाडा ही उपमा द्यायचीच असेल, तर ती श्टोल्त्सेनफेल्सला शोभते, कारण ज्यांनी तो पुन्हा बांधला त्यांच्याही मनात तसेच काहीतरी होते. मार्क्सबुर्ग बांधणाऱ्यांच्या मनात जकात होती.

हे विधान रुक्ष वाटेल, पण मध्ययुगीन ऱ्हाइनचे अर्थकारण तेवढेच रुक्ष होते. आल्प्सपासून उत्तर समुद्रापर्यंत जाणारा हा जलमार्ग म्हणजे त्या काळच्या युरोपातील सर्वांत वर्दळीच्या व्यापारी वाटांपैकी एक होता. मद्य, धान्य, मीठ, इमारती लाकूड आणि कापड सगळे याच पाण्यावरून जात असे. प्रवाहाबरोबर खाली जाणे सोपे होते. वर येताना मात्र नौका काठावरच्या पायवाटेने चालणाऱ्या घोड्यांकडून दोरांनी ओढून आणाव्या लागत. त्यामुळे ज्याच्या ताब्यात काठाचा एखादा अरुंद टप्पा, त्याच्या ताब्यात नौकेचा मार्गही, आणि नौकेला थांबवून वसुली करण्याची सोयही. जकात लावण्याचा अधिकार तत्त्वतः जर्मन राजाचा होता. १२५० नंतरच्या दोन दशकांत, जेव्हा सर्वमान्य राजाच नव्हता, तेव्हा हे तत्त्व कागदावरच उरले. माइन्त्स आणि वर्म्सच्या पुढाकाराने १२५४ मध्ये ऱ्हाइनकाठच्या शहरांनी जो संघ स्थापन केला, त्याच्यामागे या बेकायदा जकातींविषयीचा संताप होता. काट्सेनएलनबोगनच्या काउंटने १२४५ मध्ये ऱ्हाइनफेल्स बांधून सांक्ट गोआरला जकात वाढवली, तेव्हा या संघाने त्याला वेढा घातला. वर्षभराहून अधिक काळ चाललेला तो वेढा निष्फळ ठरला. काट्सेनएलनबोगन हे नाव लक्षात ठेवावे, कारण मार्क्सबुर्गच्या कहाणीत ते लवकरच येणार आहे.

ब्राउबाखचा टेकडीवरचा किल्ला कागदपत्रांत प्रथम १२३१ मध्ये भेटतो. तो एपश्टाइनच्या उमरावांचा होता. हे घराणे त्या काळी अत्यंत प्रबळ होते; १२०० ते १३०५ या काळात माइन्त्सच्या आर्चबिशपपदी त्या घराण्यातील चार जण बसले, यावरून त्याची कल्पना यावी. एपश्टाइनांनी निवडलेली जागा पाहिली म्हणजे त्यांचा हिशेब कळतो. खाली नदीचा मोकळा पट्टा, पायथ्याशी गाव, गावामागच्या डोंगरात चांदी आणि शिसे यांच्या खाणी. शिवाय या छोट्याशा टापूत अनेक सत्तांच्या सीमा एकमेकींना भिडत होत्या. थोडे खाली, लान नदीच्या मुखाजवळ, ऱ्हाइनच्या एका काठावर माइन्त्सच्या आर्चबिशपचा लानेक, तर दुसऱ्या काठावर ट्रियरच्या आर्चबिशपचा श्टोल्त्सेनफेल्स. आणि ब्राउबाखच्या पलीकडच्या काठावर रेन्स हे कोलोनच्या आर्चबिशपचे गाव. राजा निवडण्याचा अधिकार असलेल्या राज्यकर्त्यांना एकत्र भेटण्यासाठी रेन्स सोयीचे वाटे ते याचमुळे. १३३८ मध्ये तेथेच जमून त्यांनी जाहीर केले, की बहुमताने निवडलेल्या राजाला पोपच्या मान्यतेची गरज नाही. अशा शेजाऱ्यांमध्ये राहणाऱ्याला मजबूत तटाची गरज भासली, तर नवल नाही.

एपश्टाइनांच्या काळातील रचना आजही ओळखता येते. खडकाच्या माथ्याच्या आकाराला धरून बालेकिल्ल्याचा आराखडा साधारण त्रिकोणी आहे आणि त्या त्रिकोणी अंगणाच्या मध्यभागी चौकोनी, उंच, जाड भिंतींचा मुख्य मनोरा आहे. जर्मन प्रदेशातील किल्ल्यांत हा मनोरा नेहमी असतो, पण त्यात कोणी राहत नसे, ही गोष्ट प्रवासलेखांत बहुधा सुटते. तळमजल्याला दार नसे. प्रवेश बराच वर, शिडीने किंवा लाकडी पुलावरून. आत जागा इतकी थोडी, की तेथे कुटुंब थाटणे अशक्यच. शत्रू आत शिरल्यावर शेवटचा आसरा म्हणून तो बांधला जात असे, असे पूर्वीपासून सांगितले जाते. अलीकडचे अभ्यासक त्याबरोबरच दोन साध्या उपयोगांवर अधिक भर देतात. एक म्हणजे दूरवर टेहळणी करणे आणि दुसरे, दूरवरून दिसणे. नदीवरून येणाऱ्या नावाड्याला तो मनोरा दिसला, की येथे कोणाची सत्ता चालते हे वेगळे सांगावे लागत नसे. मला स्वतःला हे दुसरे कारण अधिक पटते. वेढ्याच्या धामधुमीत शिडी चढून एका चिंचोळ्या मनोऱ्यात कोंडून घेण्याने फार तर दोन दिवस मिळाले असते, दरारा मात्र वर्षाचे बारा महिने उपयोगी पडत होता.

१२८३ मध्ये काट्सेनएलनबोगनचा काउंट एबरहार्ट याने किल्ला आणि ब्राउबाख विकत घेतले. ज्या घराण्याने ऱ्हाइनफेल्स उभारून शहरांच्या संघाला दाद दिली नव्हती, त्याच घराण्याकडे आता नदीचा आणखी एक टप्पा आला. पुढची सुमारे दोनशे वर्षे जकातीच्या उत्पन्नावर हे काउंट जर्मनीतील श्रीमंत सरदारांत गणले गेले. (जाता जाता : रीसलिंग या द्राक्षाचा आजवर माहीत असलेला सर्वांत जुना लेखी उल्लेख १४३५ सालचा आहे, आणि तो याच घराण्याच्या रुसेल्सहाइम येथील हिशेबांत सापडतो. लेखातील द्राक्षमळ्यांच्या परिच्छेदात ही गोष्ट सहज बसली असती.) त्यांच्या पैशातून किल्ल्याला गॉथिक रूप आले. चौदाव्या शतकात कोपऱ्यातील मनोऱ्यात प्रार्थनाघर झाले, पंधराव्या शतकात मोठ्या दालनांची इमारत उभी राहिली, आणि मूळच्या तटाबाहेर दुसरा तट घालून दोहोंमध्ये चिंचोळी मोकळी पट्टी ठेवली गेली. बाहेरचा तट ओलांडून शत्रू त्या पट्टीत उतरला, तर वरच्या तटावरून त्याच्यावर मारा करणे सोपे व्हावे, हा हेतू. आज त्याच पट्टीत मध्ययुगात माहीत असलेल्या औषधी आणि विषारी वनस्पतींची बाग लावलेली आहे. प्रार्थनाघर सेंट मार्कला वाहिलेले होते. किल्ल्याचे आजचे नाव त्यावरून, आणि ते बऱ्याच नंतर रूढ झालेले.

या किल्ल्यात सर्वांत शिकण्यासारखे काही असेल, तर ती आत जाण्याची वाट आहे, आणि लेखात नेमका तिला एका वाक्यात निरोप दिला आहे. एकापाठोपाठ चार दरवाजे लागतात. पहिल्यापाशी पूर्वी उचलून घेता येणारा पूल होता. पुढच्या दरवाजांपर्यंत जाताना वाट वळते, चढते आणि प्रत्येक टप्प्यावर वरच्या तटाच्या माऱ्याखाली राहते. एका दरवाजाच्या माथ्यावर भिंतीबाहेर काढलेला दगडी सज्जा आहे, ज्याच्या तळाशी भोक ठेवलेले असते. दार फोडू पाहणाऱ्याच्या डोक्यावर तेथून दगड किंवा जे हाती येईल ते टाकता येई. आत शिरल्यावर पायाखाली फरसबंदी नाही, तर मूळ खडकच कोरून काढलेल्या रुंद, ओबडधोबड पायऱ्या आहेत. घोड्यांना चढता यावे म्हणून त्या तशा ठेवल्या आहेत आणि ओल्या दिवशी आजही तेथे जपून पाऊल टाकावे लागते. बाजूच्या भिंतीवर किल्ल्याच्या मालकांची कुलचिन्हे ओळीने लावली आहेत. जंग्यांकडे लक्ष दिले, तर शस्त्रे कशी बदलत गेली तेही वाचता येते. धनुष्यबाणासाठी ठेवलेली उभी अरुंद फट एका प्रकारची. नंतरच्या काळातील हातबंदुकीसाठी खाली गोल किंवा रुंद केलेली फट दुसऱ्या प्रकारची. एकाच किल्ल्यात दोन्ही दिसणे याचा अर्थ किल्ला एका दमात बांधलेला नाही.

आतील दालनांविषयी लेखात ‘राजेशाही थाट’ असे शब्द आहेत. प्रत्यक्षात तेथे थाटापेक्षा थंडीशी चाललेला झगडा अधिक जाणवतो. गॉथिक इमारतीच्या खालच्या मजल्यावरचे स्वयंपाकघर प्रशस्त आहे, त्यातील धुराड्याखाली मोठे जनावर भाजता येईल एवढी चूल आहे, पण वरच्या मजल्यांवर शेकोटीची सोय मोजक्याच खोल्यांत. म्हणूनच भिंतींना लाकडी फळ्यांचे अस्तर, म्हणूनच पडदे लावून बंद करता येणारा पलंग, म्हणूनच खिडक्या लहान आणि भिंतीच्या जाडीतच बसवलेल्या दगडी बैठका, म्हणजे उजेड जेथे पडतो तेथे बसून शिवणटिपण किंवा वाचन करता यावे. मोठ्या दालनालगत, तटाबाहेर काढलेल्या छोट्या खोलीत संडास आहे आणि त्याची घाण थेट खाली मोकळ्यावर पडत असे. त्याचे दार दालनाच्या बाजूने बंद करता येते, ते त्या वाटेने कोणी वर चढून आत येऊ नये म्हणून, असे तेथील मार्गदर्शक सांगतात. प्रार्थनाघर इतके लहान आहे, की त्यात कुटुंब आणि चारदोन सेवक एवढेच मावावेत. पण त्याच्या छताच्या कमानींवरील रंगकाम पाहण्यासारखे आहे.

१४७९ मध्ये काउंट फिलिप मरण पावला आणि घराण्याचा पुरुषवंश संपला. त्याची मुलगी आना हेसे या जर्मन संस्थानाचा लँडग्राफ, म्हणजे सत्ताधीश, हाइनरिख याच्याशी विवाहबद्ध होती, त्यामुळे सारी मालमत्ता हेसेकडे गेली. नासाउच्या घराण्याने या वारशावर हक्क सांगितला आणि हा वाद १५५७ पर्यंत चालला. येथून किल्ल्याचे रूप पुन्हा बदलू लागले. आता प्रश्न तोफांचा होता. हेसेच्या राज्यकर्त्यांनी जुन्या तटाला धरून नदीकडे तोंड असलेले तोफांचे मोठे आणि लहान मोर्चे बांधले. त्यांतील काही भाग थेट अठराव्या शतकातला आहे. आतील अंगणाच्या नदीकडील अंगाला दिसणारी, लाकडी चौकटींत भिंती भरून केलेली इमारतही अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. छायाचित्रांत तीच सर्वांत ‘मध्ययुगीन’ दिसते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

परंतु हेसेच्या काळातील सर्वांत महत्त्वाची घटना किल्ल्यात घडलेली नाही. ती खाली गावात घडली. १५६८ ते १५७१ या काळात हेसे-ऱ्हाइनफेल्सचा लँडग्राफ फिलिप याने ब्राउबाखमध्ये, नदीच्या काठावर, फिलिप्सबुर्ग नावाचा प्रबोधनकालीन शैलीचा वाडा आपल्या पत्नीच्या संभाव्य वैधव्यासाठी बांधला. राहण्यासाठी टेकडीवरची थंड, अडचणीची दालने कोणालाच नको होती. याचा परिणाम असा, की मार्क्सबुर्ग शिबंदीचे ठाणे आणि तुरुंग म्हणून उरला. ज्या किल्ल्यांत धनी राहत राहिले, ते सतराव्या-अठराव्या शतकांत पाडून, रुंद खिडक्या काढून, बागा आणि जिने जोडून नव्या आवडीप्रमाणे सजवले गेले. येथे तसा खर्च करण्याचे कोणाला कारणच पडले नाही. मार्क्सबुर्ग टिकला याचे श्रेय लेखात त्याच्या ‘अभेद्य’ तटांना दिले आहे. माझ्या मते त्या श्रेयातील मोठा वाटा मालकांच्या उदासीनतेचा आहे, आणि काही वाटा निव्वळ नशिबाचा, कारण १६८९ मध्ये ज्या किल्ल्यांवर सुरुंग लावले गेले त्यांचे तट काही कमी जाड नव्हते.

१८०३ मध्ये किल्ला नासाउच्या राज्यकर्त्यांकडे आला. त्यांनी त्याचा वापर तुरुंग आणि अपंग सैनिकांचे वसतिस्थान म्हणून केला. १८६६ मध्ये प्रशियाने नासाउ खालसा केल्यावर तो प्रशियाच्या मालकीचा झाला आणि हळूहळू दुर्लक्षित होत गेला. योगायोगाने ऱ्हाइनवरची जकातही याच सुमारास संपली. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने नदीवरील वाहतुकीसाठी मध्यवर्ती आयोग नेमला होता. १८६८ च्या मानहाइम करारानुसार नौकांवरची जकात कायमची बंद झाली. ज्या उत्पन्नाने हे सगळे तट उभे केले, ते आटल्यावर तट सांभाळायचे कोणी, हा प्रश्न उरला.

त्याचे उत्तर बोडो एबहार्ट या वास्तुविशारदाकडून आले. त्याच्या पुढाकाराने १८९९ मध्ये किल्ल्यांच्या जतनासाठी जी जर्मन संस्था स्थापन झाली, तिने पुढच्याच वर्षी, कैसर दुसरा विल्हेल्म याच्या साहाय्याने, मार्क्सबुर्ग १००० सुवर्ण मार्क इतक्या नाममात्र किमतीला घेतला. आजही ही संस्थाच मालक आहे आणि तिचे मुख्यालयही तेथेच आहे. खाली गावातील फिलिप्सबुर्गही या संस्थेने नंतर घेतला. एबहार्टने जी दुरुस्ती केली, तीच ‘जसाच्या तसा’ या विधानाला सर्वांत मोठा छेद देते. उदाहरण म्हणजे त्या मुख्य मनोऱ्याचा माथा. चौकोनी जाड बुंध्यावर बारीक गोल शेंडा अशा मनोऱ्यांना जर्मनीत लोणी घुसळण्याच्या उभ्या लाकडी भांड्यावरून नाव पडले आहे, आणि आकार खरोखरच तसा आहे. मार्क्सबुर्गचा हा गोल शेंडा मधल्या काळात नाहीसा झाला होता. हेसेचा लँडग्राफ मॉरिट्स याच्या आज्ञेवरून विल्हेल्म डिलिख याने १६०७-०८ मध्ये तेथील किल्ल्यांची जी रेखाटने केली, त्यांत तो स्पष्ट दिसतो. आणि त्याच रेखाटनांच्या आधारे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पुन्हा बांधला गेला. म्हणजे आपल्या छायाचित्रातील सर्वांत ओळखीची रेषा सव्वाशे वर्षांच्या आतली आहे. त्यासाठी एबहार्टला दोष द्यावा असे मला वाटत नाही. अल्सास प्रांतातील होक्योनिग्सबुर्ग त्याने कैसरसाठी जवळजवळ नव्याने उभारला, त्यावर पुष्कळ टीका झाली. मार्क्सबुर्गवर मात्र त्याने कल्पनेपेक्षा कागदाचा आधार अधिक घेतला. जे बांधले ते कशावरून बांधले, हे दाखवता येते. पुनर्बांधणीला लावायची पहिली कसोटी हीच असावी.

एबहार्ट फेब्रुवारी १९४५ मध्ये याच किल्ल्यात वारला. पुढच्याच महिन्यात पलीकडच्या काठावर पोहोचलेल्या अमेरिकी सैन्याच्या तोफांनी किल्ल्यावर मारा केला. छपरे आणि भिंतींचे बरेच नुकसान झाले, आणि युद्धानंतर पुन्हा दुरुस्ती करावी लागली. ‘कधीही उद्ध्वस्त न झालेला’ हा शब्दप्रयोग तरीही टिकतो, कारण किल्ला पडला नाही. पण त्याच्या छपरांकडे पाहताना ही तारीख माहीत असलेली बरी.

या किल्ल्याचे आकर्षण इतके आहे, की जपानच्या मियाको बेटावर त्याची एक प्रतिकृती उभी आहे. १८७३ मध्ये त्या बेटाजवळ एक जर्मन जहाज फुटले आणि बेटावरच्या लोकांनी खलाशांना वाचवले, त्या आठवणीतून तेथे जर्मन संस्कृतीचे एक केंद्र झाले आणि त्यात हा दुसरा मार्क्सबुर्ग आला. तो पाहायला जाणारा माणूस नवी इमारत पाहतो आहे, हे त्याला ठाऊक असते. ऱ्हाइनच्या काठावर मात्र ही जाणीव करून देण्याचे काम लिहिणाऱ्यावर येते.

म्हणून संपादक महोदयांना एक साधी विनंती आहे. यापुढे अशा लेखांसोबत किल्ल्यांची छायाचित्रे छापताना प्रत्येक चित्राखाली मूळ बांधकामाचा काळ आणि, असल्यास, पुनर्बांधणीचा काळ अशा दोन नोंदी द्याव्यात. श्टोल्त्सेनफेल्सखाली ‘तेरावे शतक, १८४२ पर्यंत नव्याने बांधणी’ आणि मार्क्सबुर्गखाली ‘तेरावे ते अठरावे शतक, मनोऱ्याचा माथा विसाव्या शतकातील’ एवढे छापायला अर्धी ओळ पुरेल. शिवाय लेखाच्या संकेतस्थळावरील आवृत्तीत ‘एकमेव अभंग किल्ला’ याऐवजी ‘टेकडीवरील किल्ल्यांपैकी एकमेव’ असा बदल करून काउबच्या जलदुर्गाचा उल्लेख घालता आला, तर तेथे जाणाऱ्या वाचकांना तो पाहण्याचे निमित्त मिळेल.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक